सहा भागांची 'पोलीस स्क्वॉड!'

४ मार्च १९८२, गुरुवार, रात्रीचे आठ. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'पोलीस स्क्वॉड!' ही अर्ध्या तासाची नवी विनोदी मालिका सुरू झाली. महिना संपेपर्यंत तिचे चार भाग दाखवून झाले आणि वाहिनीनं ती उतरवली. तयार असलेले उरलेले दोन भाग जुलैमध्ये, उन्हाळ्यातल्या मंदीच्या दिवसांत, दाखवून टाकले. एकूण भाग सहा. जाहिराती वगळून भागाची पंचवीसेक मिनिटं धरली, तर अख्खी मालिका अडीच तासांत पाहून होते.

वेळेआधी बंद पडलेल्या विनोदी मालिकांची यादी लांबलचक आहे, पण अभ्यासाला घ्यावं असं प्रकरण हेच. त्याचं पहिलं कारण म्हणजे वाहिनीनं दिलेलं स्पष्टीकरण. एबीसीच्या मनोरंजन विभागाचे तेव्हाचे अध्यक्ष टोनी थोमोपोलस यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, ही मालिका कळायची तर प्रेक्षकाला ती पाहावी लागते. मालिका बंद करण्याचं हे कारण! टीव्हीवरची गोष्ट पाहायची नाही तर तिचं करायचं काय, असं विचारत लोक या वाक्यावर चाळीस वर्षं हसत आले आहेत. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते मूर्खपणाचं वाटलं होतं. सहाही भाग नीट, थांबवत, मागे नेत पाहिल्यावर माझं मत बदललं. या प्रकरणातलं सगळ्यात खरं विधान तेच आहे. थोमोपोलस यांना दुखणं बरोबर कळलं होतं, फक्त त्यांनी त्यावर औषध म्हणून रोगीच घालवला.

दुसरं कारण असं की, ही कहाणी सहसा सुखान्त म्हणून सांगितली जाते. मालिका बंद पडली, सहा वर्षांनी तिच्यावरून 'द नेकेड गन' हा चित्रपट आला, धो धो चालला, सगळ्यांचं भलं झालं. मला हे पटत नाही. चित्रपटानं विनोद वाचवले, मुख्य पात्र वाचवलं. मालिका काही वाचली नाही.

कोण होते हे लोक

जिम अब्राहम्स, डेव्हिड झकर आणि जेरी झकर. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी भागात एकत्र वाढलेले तीन मित्र, त्यांतले दोघे सख्खे भाऊ. मॅडिसनमध्ये त्यांनी 'केंटकी फ्राइड थिएटर' नावानं प्रहसनांचे प्रयोग सुरू केले आणि पुढे ते लॉस एंजेलिसला नेले. त्यातून १९७७ चा 'द केंटकी फ्राइड मूव्ही' झाला आणि १९८० मध्ये 'एअरप्लेन!' आला. 'एअरप्लेन!'ची गंमत अशी की, तो १९५७ च्या 'झीरो अवर!' या पूर्ण गंभीर चित्रपटावर बेतलेला होता. मूळ कथेचे हक्क रीतसर विकत घेऊन, तिचा सांगाडा आणि बरेच संवाद तसेच ठेवून, तिघांनी त्यात वेडेपणा भरला. शिवाय रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्ह्ज असे आयुष्यभर गंभीर भूमिका केलेले नट घेतले आणि त्यांना सांगितलं की, विनोद करायचा नाही, आपण विनोदी चित्रपटात आहोत हे ठाऊकच नाही असं वागायचं.

त्या नटांतला एक म्हणजे लेस्ली नील्सन. १९२६ साली कॅनडात जन्मलेला, 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये अंतराळयानाचा कप्तान, 'द पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान. भारदस्त आवाज, पांढरे होत आलेले केस, आणि जगात काय वाट्टेल ते घडो, न हलणारा चेहरा. 'एअरप्लेन!'मधल्या डॉक्टरच्या भूमिकेनं हा चेहरा किती हसवू शकतो ते दाखवून दिलं. तोच चेहरा घेऊन तिघं पॅरामाउंटच्या टीव्ही विभागातर्फे एबीसीकडे गेले आणि डिटेक्टिव्ह फ्रँक ड्रेबिन जन्माला आला.

मालिकेचं लक्ष्य होतं पन्नास ते सत्तरच्या दशकांतल्या पोलिसी मालिका. मुख्य साचा 'एम स्क्वॉड'चा. ली मार्विन यांची ही मालिका एनबीसीवर १९५७ ते १९६० चालली, आणि तिच्याही नायकाचं नाव फ्रँकच होतं. दुसरा साचा निर्माते क्विन मार्टिन यांच्या मालिकांचा. त्यांत प्रत्येक भाग अंकांत वाटलेला असे, शेवटी 'उपसंहार' असे आणि सुरुवातीला निवेदक धीरगंभीर आवाजात भागाचं नाव सांगे. 'पोलीस स्क्वॉड!'साठी आवाज दिला तो हँक सिम्स यांनी. क्विन मार्टिन यांच्या मालिकांना वर्षानुवर्षं आवाज देणारा खरा निवेदक हाच.

पडद्यावर काय चालायचं

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण पुढचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे.

शीर्षकं सुरू होतात. पोलिसांच्या गाडीचा लाल दिवा, ब्रास बँडचं दणदणीत संगीत. सिम्स यांचा आवाज सांगतो, 'पोलीस स्क्वॉड! रंगीत!' रंगीत टीव्हीचं अप्रूप संपून बरीच वर्षं झाली होती, तरी ते असं जाहीर होतं. लेस्ली नील्सन, कॅप्टन एड हॉकेनच्या भूमिकेत ॲलन नॉर्थ, आणि मग अब्राहम लिंकनच्या भूमिकेत रेक्स हॅमिल्टन. नाट्यगृहात बसलेल्या लिंकनवर गोळी झाडली जाते आणि लिंकन वळून उलट गोळीबार करतो. लिंकनचा मालिकेशी काही संबंध नाही. तो दर आठवड्याला तेवढंच करून जातो.

त्यानंतर 'आजचा खास पाहुणा कलाकार'. पहिल्या भागात लॉर्न ग्रीन. 'बोनान्झा'मुळे घराघरांत ठाऊक असलेला हा मोठा नट पडद्यावर येतो तो चालत्या गाडीतून ढकलला जाऊन, छातीत सुरा घेऊन. पाहुण्याचं काम संपलं. पुढच्या भागांत जॉर्ज स्टॅनफर्ड ब्राउनवर तिजोरी पडते, रॉबर्ट गुले याला गोळीबार पथकासमोर उभं करतात, विल्यम शॅटनर गोळ्या चुकवतो आणि मग विषारी वाइन पिऊन कोसळतो. विनोदी नट जॉन बेलुशीचंही असं एक दृश्य चित्रित झालं होतं. पहिला भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, बेलुशी खरोखर वारला. ते दृश्य काढून टाकलं आणि विल्यम कॉनराड यांना घेऊन दुसरं घातलं.

मग भागाचं नाव. पडद्यावर लिहून येतं एक आणि सिम्स यांच्या तोंडून येतं दुसरंच. पहिल्या भागाचं लेखी नाव 'अ सबस्टॅन्शियल गिफ्ट', बोललेलं नाव 'द ब्रोकन प्रॉमिस'. सहाही भागांत हेच. विनोदाकडे बोट दाखवायला कुणी नाही. पडद्यावरचं वाचलं आणि त्याच वेळी कानावरचं ऐकलं तरच तो तुमचा. यांतलं एकच केलंत तर तिथे विनोद होता हेही कळणार नाही.

पहिल्या भागात एका पतसंस्थेत दोन खून होतात आणि ते करणारी सॅली डेकर ही कर्मचारी पोलिसांना भलतीच हकीकत सांगते. मेलेल्या एकाचं आडनाव 'ट्वाइस'. इंग्रजीत त्याचा अर्थ दोनदा, म्हणजे ट्वाइसला गोळी मारली म्हणावं तर ते दोनदा गोळी मारली असं ऐकू येतं. जिम पडला (इंग्रजीत 'जिम फेल') म्हणावं, तर त्याच नावाचा हिशेबतपासनीस खरोखरच तिथे कामाला निघतो. तो आजारी होता आणि त्याच्या जागी दुसरा बसला म्हणावं, तर इंग्रजीतल्या 'फिल्ड इन' या शब्दांतून 'फिल डिन' नावाचा रात्रीचा पहारेकरी निघतो. हा गुंता वाढत जातो आणि तिन्ही पात्रांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. ड्रेबिन जबाब घेतोय, सॅली जबाब देतेय, एड मध्येच शांतपणे खुलासा करतोय. असं ऐकू येतं की तिघंही खऱ्या खुनाचा तपास करताहेत. नील्सनचं सगळं कौशल्य इथे दिसतं. तो वाक्य कधीच विनोदी करून बोलत नाही. त्याच मालिकेतली ती प्रसिद्ध देवाणघेवाण पाहा. ड्रेबिन सिगारेट पुढे करून विचारतो, "सिगारेट?" समोरचा माणूस निरखून पाहतो आणि म्हणतो, "हो, सिगारेटच आहे." ड्रेबिन मान डोलावतो आणि तपास पुढे सरकतो.

हे झाले कानाचे विनोद. डोळ्यांचे त्याहून जास्त. अल नावाचा एक पोलीस इतका उंच की त्याचं डोकं कायम चौकटीच्या बाहेर. सहा भागांत त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. 'जपानी बाग' पाहायला जावं तर कुंड्यांमधून जपानी माणसं उभी. प्रयोगशाळेतला टेड ऑल्सन दरवेळी एखाद्या लहान मुलाला काहीतरी धोकादायक प्रयोग शिकवत असतो आणि ड्रेबिन आला की निमूट कामाला लागतो. यातलं बरंच काही मागे, कडेला, अर्ध्या सेकंदात घडून जातं.

आणि शेवट. जुन्या मालिकांत शेवटच्या विनोदावर सगळे हसायचे, चित्र गोठायचं आणि त्यावर नावं यायची. इथे चित्र गोठत नाही, नटच जागच्या जागी पुतळे होतात. एकदा कॉफी ओतता ओतता एक जण स्थिर होतो आणि कॉफी कप भरून वाहत राहते. एकदा पकडलेला गुन्हेगार पाहतो की पोलीस हलत नाहीत आणि पळायची वाट शोधू लागतो. मला विचाराल तर मालिकेतली सगळ्यात थोर कल्पना हीच. नावं सरकायला लागली की लोक उठतात. ही मालिका त्या क्षणीही काम करत होती.

१९८२ चा दिवाणखाना

थोमोपोलस यांचं वाक्य आता परत वाचू.

तेव्हाची अमेरिकन विनोदी मालिका रेडिओच्या पोटातून आलेली होती. दोन-तीन खोल्यांचा सेट, समोर प्रेक्षक किंवा ध्वनिफितीवरचं हसणं, आणि सगळा विनोद संवादात. ती स्वयंपाक करता करता, इस्त्री करता करता, शेजारच्या खोलीतून ऐकता यायची. हसू कुठे आलं हे फितीवरचं हसणं सांगायचं, त्यामुळे मान वर केली नाही तरी चालायचं. हा दोष नव्हता, माध्यमाचा तोच करार होता. हसण्याच्या फितीचा दबाव किती होता पाहा. सीबीएसच्या 'मॅश'मध्ये युद्धातल्या रुग्णालयाच्या गोष्टींनाही ती फीत लावावी असा वाहिनीचा आग्रह होता आणि निर्मात्यांना निदान शस्त्रक्रियेची दृश्यं तरी त्यातून सोडवून घ्यावी लागली.

'पोलीस स्क्वॉड!'ला हसण्याची फीतच नव्हती. असणं शक्यही नव्हतं, कारण हसायला थांबलो तर पुढचे दोन विनोद निसटतात. 'एअरप्लेन!' चित्रपटगृहात चालला तेव्हा ही अडचण आली नाही. अंधाऱ्या सभागृहात चारशे माणसं बसलेली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, पडदा भिंतीएवढा. तुमचा एक विनोद निसटला तर शेजारच्याच्या हसण्यानं कळायचं की काहीतरी होतं. तीच वेगवान, दाट विनोदाची रचना घरातल्या छोट्या पडद्यावर आली, तेव्हा समोर दोन-तीन माणसं, त्यांतलं एक वर्तमानपत्रात, एक फोनवर. पडद्याच्या मागच्या कोपऱ्यात काय चाललंय हे दिसायलाही त्रास.

आणि निसटलं ते निसटलं. मागे नेण्याची सोय नव्हती. व्हिडिओ रेकॉर्डर मोजक्या घरांत होते. घरी कार्यक्रम मुद्रित करणं कायदेशीर आहे की नाही, हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं. ऑक्टोबर १९८१ मध्ये एका अपील न्यायालयानं सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरवरच्या खटल्यात ते स्वामित्वहक्काचं उल्लंघन ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला १७ जानेवारी १९८४ ला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजे ज्या महिन्यात ही मालिका लागली, त्या महिन्यात ती पुन्हा पाहण्याचा मार्ग बहुतेकांना नव्हता आणि ज्यांना होता त्यांच्या डोक्यावर खटल्याची टांगती तलवार होती. दोनदा पाहिली तरच पुरती हाती लागणारी मालिका एकदाच दिसणार होती.

त्यात वेळही अवघड मिळाली. गुरुवारी आठ वाजता सीबीएसवर टॉम सेलेक यांची 'मॅग्नम, पी.आय.' भरात होती आणि एनबीसीवर 'फेम' नव्यानं सुरू झाली होती. गुन्ह्याच्या तपासाची आवड असलेल्या माणसाला खराखुरा नायक बाजूच्या वाहिनीवर सापडत होता.

वाहिनीची बाजू

वाहिनीला सरळ खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, पण तिचा हिशेबही समजून घ्यायला हवा. अमेरिकेत तेव्हा मालिका तोट्यात बनायची. वाहिनी जी रक्कम देई त्यात खर्च भागत नसे. स्टुडिओ तो तोटा सोसायचा तो पुढच्या आशेवर. साधारण शंभर भाग झाले की मालिका देशभरातल्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकता येई आणि खरा पैसा तिथे असे. सहा भागांना या बाजारात काहीच किंमत नव्हती. रोज एक लावायचा म्हटलं तर आठवडाही भरत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा सहसा कुणी काढत नाही. १९७० साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगानं केलेल्या नियमांनुसार मोठ्या वाहिन्यांना बाहेरच्या स्टुडिओच्या मालिकांमध्ये आर्थिक हिस्सा ठेवता येत नव्हता आणि त्यांच्या पुनःप्रक्षेपणाच्या विक्रीत वाटाही घेता येत नव्हता. हे नियम १९९३ मध्ये मागे घेतले गेले. म्हणजे १९८२ साली 'पोलीस स्क्वॉड!' पुढे अजरामर झाली असती तरी एबीसीच्या हाती त्यातलं काही लागणार नव्हतं. तिच्यासाठी मालिकेची किंमत होती ती या गुरुवारी किती घरांत ती लागली तेवढीच. पुढच्या पंचवीस वर्षांचा धनी पॅरामाउंट होता आणि निर्णयाचा धनी एबीसी. धीर धरण्याचा फायदा एकाला आणि तोटा दुसऱ्याला अशी रचना असेल, तर धीर कोण धरणार?

तरीही धीर धरणारे होते. त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९८२ ला, त्याच पॅरामाउंटची 'चीअर्स' एनबीसीवर गुरुवारीच सुरू झाली. पहिल्या हंगामात ती प्रेक्षकसंख्येच्या यादीत तळाला होती. एनबीसीनं ती ठेवली आणि पुढे ती अकरा हंगाम, २७५ भाग चालली. म्हणून वाहिनीपुढे दुसरा मार्गच नव्हता असं मी म्हणणार नाही. पण 'चीअर्स' एका मद्यगृहातल्या लोकांची, संवादांची, हळूहळू ओळखीच्या होणाऱ्या चेहऱ्यांची मालिका होती. ती जुन्या करारात बसत होती. तिला प्रेक्षक सापडायला वेळ हवा होता. 'पोलीस स्क्वॉड!'ला प्रेक्षकाच्या हातात वेगळं यंत्र हवं होतं, आणि ते एबीसीच्या धीरानंही आलं नसतं.

मालिका बंद झाल्यावर त्याच वर्षी तिला एमी या टीव्ही पुरस्कारांची दोन नामांकनं मिळाली. एक नील्सनला विनोदी मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्यासाठी, दुसरं पहिल्या भागाच्या लेखनासाठी. पुरस्कार दोन्हीकडे दुसऱ्यांना गेले.

निर्मात्यांचा सुटकेचा निःश्वास

माझ्या मताला सगळ्यात जड जाणारा पुरावा खुद्द निर्मात्यांकडून येतो. डेव्हिड झकर आणि त्यांच्या साथीदारांनी नंतर मोकळेपणानं सांगितलं आहे की, या वेगानं दर आठवड्याला विनोद पुरवणं अशक्यप्राय होतं आणि वाहिनीनं मालिका बंद करून एका अर्थी उपकारच केले. एका मिनिटात दहा कल्पना जाळणारं हे यंत्र वर्षाला बावीस भाग कसं चालणार, हा प्रश्न खरा आहे. नंतरच्या भागांसाठी दुसरे लेखक, दुसरे दिग्दर्शक आले. जो डांटे यांनी दोन भाग केले, 'हवाई फाइव्ह-ओ'ची गाजलेली शीर्षकं करणारे रझा बदियी यांनी एक. दर्जा टिकला, तरी शेवटच्या दोन भागांत धाप लागल्याची जाणीव मला होते. ती लपवण्यात अर्थ नाही.

पण दमछाक होते यावरून बावीस जमणार नाहीत एवढंच ठरतं. सहापाशी थांबावं असं त्यातून निघत नाही. ब्रिटनमध्ये विनोदी मालिकेचा एक हंगामच मुळी सहा भागांचा असे. 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, एकूण बाराच भाग आहेत आणि तिला कुणी अकाली गेलेली म्हणत नाही. लिहिणाऱ्यांनी चार वर्षं घेतली आणि मग परत आले. आकडा तोच. एका देशात तो पूर्ण हंगाम, दुसऱ्या देशात नामुष्की. वर्षाला सहा भाग करणारी 'पोलीस स्क्वॉड!' त्या तिघांना पेलली असती असं मला मनापासून वाटतं. अमेरिकन वाहिन्यांच्या वेळापत्रकात अशा वस्तूसाठी कप्पाच नव्हता.

चित्रपटानं काय वाचवलं

२ डिसेंबर १९८८ ला 'द नेकेड गन' आला. पूर्ण नावात 'पोलीस स्क्वॉडच्या दप्तरातून' असा उल्लेखही होता. अमेरिकेत त्यानं सुमारे ७.९ कोटी डॉलर कमावले. १९९१ आणि १९९४ मध्ये पुढचे दोन भाग, आणि २०२५ मध्ये लिअम नीसन यांना घेऊन नवा चित्रपट. मालिकेतले बरेच विनोद चित्रपटांत जसेच्या तसे वापरले आहेत. नील्सन साठी ओलांडल्यावर जगभर ओळखला गेला. हे सगळं चांगलंच झालं.

गेलं काय तेही पाहू. ॲलन नॉर्थचा एड गेला, त्याच्या जागी जॉर्ज केनेडी आले. पीटर लुपस यांनी केलेला पोलीस नॉरबर्ग गेला. बूटपॉलिशवाला जॉनी तर गेलाच, आणि त्याची मला फार हळहळ आहे. विल्यम ड्यूएल यांनी केलेला हा जॉनी दर भागात एका ठिकाणी बसलेला असे. ड्रेबिन येऊन गल्लीतली खबर विचारी. जॉनी म्हणे, मला काही माहीत नाही. ड्रेबिन नोट पुढे करी आणि जॉनी तपासाची सगळी दिशा सांगून टाकी. ड्रेबिन उठला की दुसरं गिऱ्हाईक बसे. कधी शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेचा सल्ला विचारायला, कधी धर्मगुरू मृत्यूनंतर काय असतं ते विचारायला. त्यांनाही जॉनी आधी नाही म्हणे, मग नोट, मग सविस्तर उत्तर. पहिल्यांदा हे पाहताना हसू येतं. तिसऱ्यांदा ड्रेबिन उठायला लागला की आता कोण बसणार म्हणून आपण पुढे सरकून बसतो. दीड तासाच्या चित्रपटात ही वाट पाहण्याची मजा आणता येत नाही, त्याला मध्ये सात दिवस जावे लागतात.

ड्रेबिनही बदलला. चित्रपटांतला ड्रेबिन धडपडणारा, वस्तू पाडणारा, गोंधळ घालणारा माणूस आहे. मालिकेतला ड्रेबिन कर्तबगार पोलीस आहे. तो गुन्हा उलगडतो, गुन्हेगाराला पकडतो. वेडं असतं ते त्याच्या भोवतीचं जग, आणि ते वेडं आहे हे त्याला दिसत नाही. हा फार नाजूक तोल होता. तो १९५८ च्या मालिकेतून उचलून आणलेला माणूस वाटतो. चित्रपटात त्याला प्रेम, पाठलाग, फजिती असं सगळं उभं करावं लागलं, कारण मोठ्या पडद्याला दीड तास धरून ठेवणारी कथा लागते.

आणि साचा तर पूर्णच गेला. चुकीचं सांगितलेलं नाव, मरायलाच येणारा पाहुणा, लिंकन, अंकांच्या पाट्या, पुतळे झालेले नट. हे सगळं टीव्हीच्या अर्ध्या तासाचंच विडंबन होतं. ते टीव्हीवर, दर आठवड्याला, त्याच वेळी लागलं तरच त्याला धार. ड्रेबिन कुठेही गाडी लावताना कचऱ्याचे डबे उडवतो. जितवा भाग तितके डबे. हा विनोद एका भागात अस्तित्वातच नाही. तो समजायला मालिका चालू राहावी लागते.

मालिका स्वतः १९८५ मध्ये व्हिडिओ कॅसेटवर आली, आणि ज्यांनी तेव्हा ती चुकवली होती त्यांना पहिल्यांदा ती थांबवून, मागे नेऊन पाहता आली. १९९१ च्या उन्हाळ्यात सीबीएसनं ती पुन्हा दाखवली, २००६ मध्ये डीव्हीडी आली. एव्हाना मागच्या पाटीवरचा विनोद वाचण्यासाठी चित्र थांबवणं ही प्रेक्षकांची सवयच झाली होती, आणि 'द सिम्पसन्स'सारख्या मालिका त्या सवयीवर जोमानं पोसल्या होत्या.

सहा भागांच्या उपसंहारांत आणखी एक गोष्ट चालू राहते. पहिल्या भागाच्या शेवटी सॅली डेकर स्टेट्सव्हिल तुरुंगात रवाना होते. पुढच्या भागात नवा गुन्हेगार पकडला जातो आणि ड्रेबिन सांगतो की, आता हा तिथे सॅली डेकरला भेटेल. त्याच्या पुढच्या भागात दोन्ही नावं घेऊन तिसरं, मग चौथं. यादी दर आठवड्याला लांबत जाते आणि ड्रेबिन ती न अडखळता, खऱ्या अहवालासारखी म्हणून दाखवतो. मग एड हसतो, ड्रेबिन हसतो, सगळे जागच्या जागी स्थिर होतात आणि नावं सरकू लागतात. आठ जुलै १९८२ ला शेवटचा भाग लागला. ती यादी तिथून पुढे गेली नाही.